पिंपळ म्हणून लावलेला पायर

मी पायर बोलतोय. पिंपळ नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण अडुसष्ट वर्षं लोक मला पिंपळ म्हणत आले आणि मी गप्प राहिलो. झाडाला तोंड असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

पायर म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक नसणार. कुणालाच नसतं. पिंपळाच्या भावकीतलाच मी, पण गरिबाकडचा. पान साधारण तसंच, फक्त पिंपळाच्या पानाला टोकाशी लांब शेपटी असते ती मला नाही, आणि माझा देठ लालसर. पिंपळ वाऱ्यावर सळसळतो, ते मला तेवढं जमत नाही. मी खडकात उगवतो, भिंतीच्या भेगेत उगवतो, माती नसली तरी माझं अडत नाही. बाकी सगळं सारखं. पण घराण्यात जो फरक असतो तो असतोच, आणि तो दुसऱ्याला दिसला नाही तरी आपल्याला रोज दिसतो.

माझा जन्म डोंगरातल्या लेण्यांपाशी झाला. कुठल्याशा पाखरानं फळ खाल्लं आणि लेण्याच्या कपाळावर बी टाकून ते निघून गेलं. कातळाच्या फटीत मी दोन वर्षं काढली. खाली जुन्या भिक्खूंच्या कोरलेल्या खोल्या, त्यात वटवाघळं, वर मी एकटा. तेव्हा एकटेपणा वाटायचा नाही. दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

मग आबा आला. मुळशीतल्या माण गावचा. तेव्हा बावीस वर्षांचा होता, त्याला कुणी आबा म्हणत नव्हतं, पण मला तो आबा म्हणूनच आठवतो. त्याच्या माणसांनी दीक्षा घेऊन वर्ष झालं नव्हतं. घरातले देव पाण्यात सोडलेले, देवळी रिकामी. आणि आबाच्या डोक्यात एकच बसलेलं, की आपल्या दारात बोधिवृक्ष पाहिजे. ज्या पिंपळाखाली बुद्धाला ज्ञान झालं, तो पिंपळ.

आता तुम्ही म्हणाल, गावात पिंपळ नव्हता का? होता की. देवळापुढं, चांगला पार बांधलेला. पण त्या पारावर आबाच्या माणसांनी बसायचं नाही असा गावचा रिवाज. जवळ उभं राहिलं तरी कुणीतरी विचारायचं, काय काम आहे. म्हणून आबानं पिंपळ बघितला तो लांबूनच. त्याचं पान हातात घेऊन कधी बघितलेलं नव्हतं. लेण्यापाशी मला बघितलं आणि तो मटकन खालीच बसला. बुद्धाच्या लेण्यावर उगवलंय, पान पिंपळासारखं आहे, मग दुसरं काय असणार?

चूक म्हणायची तर एवढीच. पण ती आबाची म्हणायची का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानं विळ्याच्या टोकानं मला फटीतून सोडवलं. एक मुळी तुटली, ती अजून दुखते. ओल्या फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून दोन दिवस चालत त्यानं मला माणला आणलं आणि घरामागच्या जागेत लावलं. भोवती गोल दगड मांडले. त्या रिंगणात चपला घालून यायचं नाही असं सांगून टाकलं. पुढच्या वैशाखी पौर्णिमेला सगळी वस्ती पांढरे कपडे घालून आली, मेणबत्त्या लावल्या आणि माझ्याकडं तोंड करून हात जोडून बसली. मी तेव्हा गुडघ्याएवढा. मला वाटलं, माझ्यामागं कुणीतरी उभं असेल. मागं शेणाची रास होती.

तुम्हाला कधी कुणी दुसऱ्याच्या नावानं हाक मारली आहे का? एकदा मारली तर माणूस हसून सोडून देतो. जन्मभर मारली तर हळूहळू असं वाटायला लागतं, की लोकांना जो हवा होता तो यायचाच राहिला आणि त्याच्या जागेवर आपण अवघडून उभे आहोत. हात जोडलेले दिसायचे, डोळे मिटलेले दिसायचे. पण त्या मिटलेल्या डोळ्यांपुढं मी नसायचो. एकदा एक भन्तेजी आले होते. त्यांनी माझं पडलेलं पान उचललं, उलटं सुलटं करून बघितलं, एकदा आबाकडं बघितलं आणि पान परत खाली ठेवून दिलं. काही बोलले नाहीत. भला माणूस. पण माझी एकुलती एक संधी त्यांनी घालवली.

आबाची बायको फुलाबाई. लग्न होऊन आली तेव्हा माझा बुंधा तिच्या मनगटाएवढा होता. तिनं मला किती पाणी घातलं त्याला गणती नाही. आबा गेला त्याला आता चौदा वर्षं झाली, तरी फुलाबाई रोज सकाळी यायची, चपला रिंगणाबाहेर काढायची, हात जोडायची आणि जायची. बोलायची नाही. पिंपळाशी काय बोलणार?

दरम्यान माणचं जे झालं ते तुम्ही बघताच आहात. भाताची खाचरं गेली, काचेच्या इमारती आल्या. ज्यांची शेतं होती त्यांनी खोल्या बांधल्या आणि काचेतली पोरं भाड्यानं ठेवली. अतुलनं, म्हणजे फुलाबाईच्या मुलानंही, दोन बाजूंनी सहा खोल्या काढल्या. भाडेकरूंच्या मोरीचं साबणाचं पाणी माझ्या मुळाशी येतं. मला ते सोसत नाही, पण विचारतो कोण? ही पोरं सकाळी कानात बोंडं घालून जातात आणि संध्याकाळी तशीच येतात. मान वर करून झाडाकडं बघताना मी त्यांतलं एकही बघितलेलं नाही. फोटो काढतात तेव्हासुद्धा पाठ माझ्याकडं आणि तोंड फोनकडं.

उरली होती चार गुंठे जागा, आणि तिच्या बरोबर मधोमध मी. अतुलला तिथं तीन मजले चढवायचे होते. एक दिवस तो राजू ठेकेदाराला घेऊन आला. दोघं रिंगणाबाहेर उभे राहून बोलत होते.

"पाडून टाकू की," अतुल म्हणाला. "माज्या जागेत हाय, माज्या बापानं लावलंय."

"आपल्या मनानं न्हाई पाडता येत आता," राजू म्हणाला. "झाडाच्या हापिसात अर्ज द्यायचा. ते झाडावर नोटीस चिकटवणार, सात दिस थांबणार, कुणाची हरकत येतीया का बघणार. मग झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. आन ती सात वर्सं जगवायची."

"म्हंजी साठ-सत्तर झाडं? कुटं लावू, डोक्यावर?"

"म्हणून तर वय वीस लिवायचं."

"वीस? आरं मी पंचावन्न वर्सांचा हाय. मी रांगत हुतो तवा हे झाड घराच्या वर गेल्यालं."

"तुला कोन इचारतंय? झाडाला काय मिशा पिकत्यात?"

असा अर्ज गेला. झाडाचं नाव पिंपळ, नग एक, वय वीस. सोयरीक जमवताना वय चोरतात तसं माझं चोरलं. तेही करवतीशी सोयरीक जमवायला. अतुल वाईट माणूस नाही, हे मी सांगून ठेवतो. दोन पोरींची शिक्षणं त्यानं याच खोल्यांवर केली. पण माणसाला जागा दिसायला लागली की तिथं उभं असलेलं दिसेनासं होतं.

आठवड्यानं नोटीस लागली. माझ्या सालीवर डिंक फासून कागद चिकटवला. फुलाबाई सकाळी आली ती कागदापुढंच थांबली. तिला सही करता येते, वाचता येत नाही. भाडेकरूंतली क्षितिजा नावाची मुलगी कामावर निघाली होती. लातूरकडची, त्यातल्या त्यात बरी. फुलाबाईनं तिला हाक मारली.

"ये बाय, काय लिवलंय बघ जरा."

क्षितिजानं वाचलं आणि गाडीची किल्ली नुसतीच हातात फिरवायला लागली.

"सांग की. मेलंय का कोन?"

"आजी, हे झाड तोडायचा अर्ज आलाय. कुणाची हरकत असेल तर सात दिवसांत लिहून द्या म्हणतात."

"माजी हाय. लिव."

"पण आजी, अर्ज अतुलकाकांनीच केलाय."

"मंग? त्यो माजा पोरगा हाय, हापिसाचा न्हाई."

क्षितिजानं तिथंच गाडीच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं. हा बोधिवृक्ष आहे, आमच्या मालकांनी लेण्यापासून आणलेला आहे, याला हात लावू नये. फुलाबाईनं खाली सही केली. चार अक्षरांना पाच मिनिटं लावली.

घरात दोन दिवस मायलेकांचं बोलणं बंद होतं. मला स्वतःची भीती नव्हती असं नाही. पण खरं सांगतो, त्यापेक्षा मला त्या कागदाची लाज वाटत होती. बाई माझ्यासाठी पोटच्या पोराविरुद्ध उभी राहिली, आणि ज्याच्यासाठी उभी राहिली तो मी नव्हतोच.

हरकत आली म्हणून हापिसातून बाई आल्या. हेमलता मॅडम. पायात साधे बूट, गळ्यात टेप. त्यांनी छातीच्या उंचीवर माझा घेर मोजला. मग पान बघितलं, देठ बघितला, अर्ज बघितला, आणि विचारलं, "यातला पिंपळ कुठं आहे?"

अतुल म्हणाला, "ह्यो काय, म्होरं."

"हा पायर आहे."

मी काय सांगू तुम्हाला. सत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला नावानं हाक मारली. (अडुसष्ट लावल्यापासूनची, लेण्यावरची दोन कुणीच धरत नाही.) पानापानात काहीतरी झालं. आणि त्याच क्षणी माझी नजर फुलाबाईकडं गेली.

"नीट बगा मॅडम," ती म्हणाली. "आमच्या मालकांनी सोता आणलाय. लेन्यावरनं."

"लेण्यावरनं आणला असेल तर पायरच. तो कातळावरच येतो, आजी. मी बावीस वर्षं झाडंच बघतेय." त्यांनी फोनवर पिंपळाचं पान काढून दाखवलं. शेपटीवालं. फुलाबाईनं हात वर करून माझं एक पान तोडलं. तिनं माझं पान कधी तोडलं नव्हतं. फोनशेजारी ते धरलं. बराच वेळ एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं पान खाली सोडलं, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि चपला घालूनच रिंगणातून आडवी घरात गेली.

हेमलता मॅडमनी अर्ज परत दिला. पिंपळ म्हणून अर्ज, आणि जागेत पिंपळ नाही. वय वीस म्हणून अर्ज, आणि झाड साठीच्या पुढचं. पन्नासच्या वर गेलेलं झाड म्हणजे वारसा, त्याची फाईल वरच्या समितीकडं जाते, असं त्यांनी अतुलला ठणकावून सांगितलं. म्हणजे मी वाचलो. पुढच्या वैशाखी पौर्णिमेला वस्ती विहारात गेली. इकडं एकही मेणबत्ती आली नाही. फुलाबाईचं सकाळचं येणं तर त्याच दिवसापासून बंद झालेलं. आधी माझ्याकडं बघून हात जोडणारे दुसऱ्याला हात जोडत होते, तेही बरं होतं असं वाटायला लागलं. निदान समोर माणसं असायची.

अतुलनं दुसरा अर्ज केला. या वेळी खराखुरा. राजूच्या मेव्हण्याची डोंगराकडं पडीक जागा होती, तिथं झाडं लावायचं ठरलं. राजू तर खुशीत होता. "लई बेस झालं. पिंपळाला करवत लावायला मानूस मिळत नव्हता. पायरचं कुनाला काय पडलंय?"

नवी नोटीस लागली. नाव पायर, नग एक, वय अडुसष्ट. माझं नाव पहिल्यांदा कुठंतरी लिहिलं गेलं, ते या कागदावर. अक्षर चांगलं होतं.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. क्षितिजा येताजाता कागदाकडं बघायची, पण तिचं काय? ती उद्या खोली बदलून जांब्याला राहायला जाईल. पाचवा दिवस गेला. हरकत घ्यायला कुणीही चालतं म्हणे, सगळ्या मुलखातला कुणीही. सगळ्या मुलखात कुणी नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी फुलाबाई आली. चपला घालूनच आली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत उभी राहिली.

"तुला तरी काय म्हनू?" ती म्हणाली. "तू काय सोताच्या पायानं आलास?"

मग ती वळली, माझ्या बुंध्याला पाठ लावली आणि हळूहळू घसरत खाली बसली. पाय पसरले. चंची सोडून सुपारी कातरायला लागली. माणसाची पाठ कशी असते हे मला ठाऊक नव्हतं. बोधिवृक्षाला पाठ कोण लावतो? हाडं हाडं लागत होती, पण ऊब होती.

तेवढ्यात अतुल आला. आईला तिथं बघून जरा चपापला.

"आये, आता तर तुजी हरकत न्हाई ना? बोधिवृक्ष न्हाई म्हनल्या बाई."

"न्हाई म्हनल्या."

"आबा फसला."

"आबा न्हाई फसला. आबाला त्या पारापाशी उबं ऱ्हाऊ दिलं असतं तर पान वळखलं नसतं व्हय त्यानं?" सुपारी तोंडात टाकून ती जरा वेळ चघळत बसली. "क्षितिजा आली की लावून दे हिकडं. कागद घिऊन ये म्हनावं."

"आगं पन कारन काय लिवनार? कागदावर कारन लागतंया. आता धर्माचं तर ऱ्हायलं न्हाई."

"लिव म्हनावं, म्हातारी बसती हितं."

"हे काय कारन झालं?"

"मंग काय खोटं हाय? बसल्ये न्हवं?"

अतुलनं कपाळाला हात लावला. संध्याकाळी क्षितिजानं तेवढंच लिहिलं. या झाडाखाली म्हातारी बसते, सबब हरकत. परत चार अक्षरांची सही, परत पाच मिनिटं.

आणि मग एक गंमत झाली. कागदावर लिहिलं म्हणून फुलाबाईला रोज यावं लागायला लागलं. हापिसातली बाई कधीही तपासायला येईल आणि कारण खोटं ठरेल, हे तिच्या मनानं घेतलं. ऊन असो, गुडघे दुखोत, शिव्या घालत यायची आणि दुपारभर बसायची. आता ती बोलायची. सुनेचं गाऱ्हाणं, दूधवाल्याचं पाणी, आबाचं घोरणं. मला कुणी आजवर काही सांगितलं नव्हतं. मी जुना झालोय, खाली कान नीट लागत नाहीत, पण एक शब्द खाली पडू दिला नाही.

असे वीस-बावीस दिवस गेले. मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मोरीत पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. पौडला नेलं, तिथून पुढं पुण्याला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात हेमलता मॅडम आल्या.

त्यांनी रिंगण बघितलं. मोकळं होतं. वाळलेली पानं पडलेली, कुणी झाडलेलं नव्हतं. अतुल दवाखान्यातनं नुकताच आला होता. दाढी वाढलेली, हातात डब्याची पिशवी.

"हरकतीत लिहिलंय म्हातारी बसते," मॅडम म्हणाल्या. "इथं तर कुणी बसत असेल असं दिसत नाही. खरं काय ते सांगा, मला तसं लिहावं लागेल."

अर्ज त्याचा होता. तीन मजले त्याचे होते. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि त्या घडीला तो शब्द खोटाही नव्हता. मी बघत होतो. अतुलनं पिशवी या हातातली त्या हातात घेतली. घराकडं बघितलं, मग बुंध्याकडं बघितलं. तिथं, सालीवर, पाठ घासून घासून एक गुळगुळीत पट्टा पडलाय. हात लावून त्यानं तो मॅडमना दाखवला.

"बसती," तो म्हणाला. "आई हाय माजी. हाड जुळलं की बसंल."

मॅडमनी लिहून घेतलं आणि गेल्या.

फाईल अजून वरच्या समितीकडं आहे. कारण मान्य होईल की नाही, मला ठाऊक नाही, अतुललाही नाही. त्यानं अर्ज मागं घेतलेला नाही, पण पुढंही रेटलेला नाही. राजू दोनदा येऊन गेला, अतुल घरात नाही असं त्याला सांगण्यात आलं. फुलाबाई घरी आली आहे, पण खाटेवर. खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, तिला मी दिसत नाही. डॉक्टरनं या वयात हाड जुळायचं सांगता येत नाही म्हटलं, ते मी मोरीपाशी चाललेल्या बोलण्यात ऐकलं.

माझं काही मागणं नाही. झालं तेवढं वय पुष्कळ झालं. उद्या मला पाडलंच, तर माझ्या बदली किती रोपं लावायची, किती उंचीची, किती वर्षं जगवायची, ते सगळं नियमात लिहून ठेवलेलं आहे. चांगलं केलं. फक्त ही म्हातारी परत आली नाही, तर तिच्या बदली माझ्यापाशी काय लावायचं, ते कुणी कुठंच लिहिलेलं नाही.